कुमारिकेचं आडनाव

अष्टमीचा दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी नऊ मुली पाटावर बसवल्या होत्या. कुमारिका म्हणून. त्यातली शेवटची माझी. सहा वर्षांची. नवा परकर-पोलका काकूंनीच शिवून आणलेला.

मी दारात उभी. कडेवर तीन वर्षांचा धाकटा. काकू परातीत एकेकीचे पाय धुवत होत्या. खुर्चीवर त्यांच्या सासूबाई, आठ दिवसांसाठी गावाहून आलेल्या. त्या प्रत्येकीला नाव विचारत होत्या. आठ मुली गुजराती. माझ्या मुलीचा नंबर आला तसा सासूबाईंचा चेहरा खुलला.

"तू मराठी ना गं? कोणाची तू?"

माझी मुलगी ताठ बसली. शाळेत शिकवलेलं, तसं तिनं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं. बापाचं. मग आडनाव. बिऱ्हाडे.

सासूबाईंनी काकूंकडे बघितलं. "तू तर पाटील म्हणाली होतीस."

काकूंचा हात माझ्या मुलीच्या पायावर होता. तो थांबला. मग निघाला.

"कुठले गं तुम्ही?" सासूबाईंनी मला विचारलं.

"जळगावकडचे."

त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. आडनाव आणि गाव. आपल्या माणसाला तेवढ्यात जात कळते. गुजराती बायकांना काही समजलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"ऊठ बाळा," काकू म्हणाल्या. "तू मग जेव हं."

ती उठली. एक पाय ओला, एक कोरडा. काकूंनी परात उचलून मोरीत नेली. घासायचा आवाज आला. बराच वेळ येत होता.

मी काही बोलले नाही. हे लिहून ठेवते. एक शब्द बोलले नाही. पोरीला घेऊन घरी आले, दार लावलं आणि तिच्या थोबाडीत मारली.

"कोणी सांगितलं होतं तुला आडनाव सांगायला?"

ती रडली नाही. गालावर हात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, आपण नाव चोरलंय का?"

आता मागचं सांगते.

माझा बाप सुरतेत कापडाच्या लूमवर राबला. मी त्याच्याच पगारावर बी.एड. झाले. इथल्याच एका खाजगी शाळेत गणित शिकवते. घरात अहिराणी, वर्गात इंग्रजी, भाजीवाल्याशी गुजराती. पोरं माझं गुजराती ऐकून हसतात, मीही हसते. नवरा इच्छापोरला कारखान्यात, कंत्राटावर, पाळीपाळीनं. आमचं लहानपण खोलीत गेलं. पोरांचं फ्लॅटमध्ये जावं एवढीच हाव होती. लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये.

चार ठिकाणी नकार मिळाला. "फॅमिली छे? नॉनव्हेज खाओ छो? अटक शुं?" अटक म्हणजे आडनाव. ते सांगितलं की फ्लॅट कालच दिलेला असायचा. नवरा हसून म्हणायचा, "आडनाव बिऱ्हाडे, आन् बिऱ्हाडच भेटत नही." पहिल्यांदा मीही हसले. चौथ्यांदा नाही.

पाचव्या वेळी दलालानंच वाट दाखवली. मालक परदेशात. "बेन, बोर्ड पर पाटील लखी नाखो. कागळ पर जे होय ते."

आम्ही लिहिलं. पाटील. दारावर पितळी अक्षरात. भाडेकरारावर मात्र बिऱ्हाडे. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत गेला, कपाटामागच्या भिंतीवर. मुलीला सांगितलं, बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं तर पहिलंच नाव सांगायचं. ती चार वर्षांची होती. का, म्हणून तिनं विचारलं नाही.

आणि समोर काकू निघाल्या. मराठी. काकूंचे यजमान बँकेत साहेब. परमुलखात आपली भाषा कानावर पडली आणि मी जीव टाकला. काकूंनीही टाकला, खोटं का बोलू. शाळा सुटली की रिक्षावाला मुलीला त्यांच्याकडे सोडायचा. धाकटा तर सकाळपासूनच त्यांच्या घरी. वरणभात भरवायच्या, पावकी-निमकी म्हणून घ्यायच्या. मी चार वाजता येईपर्यंत दोन्ही पोरं झोपून उठलेली असायची, तोंड धुतलेली. काकू नसत्या तर माझी नोकरी नसती. कुमारिकेला पाठव म्हणाल्या तेव्हा मी नाही म्हटलं नाही. आमच्यात हे नाही. पण पाटलाच्या घरात असतं ना.

तर तो प्रश्न. आपण नाव चोरलंय का. गाल लाल झाला होता, त्यावर खोबरेल लावलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर दोन दिवस धाकट्याला शेजारच्या इमारतीत एका बाईकडे टाकलं. रडून रडून त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू आणि साहेब घरी आले. काकूंचे डोळे सुजलेले. पोरांची आठवण त्यांनाही येत होती. मला ते दिसत होतं.

साहेबच बोलले. "हे बघा, आम्ही जातपात मानत नाही. पण आई जुन्या वळणाची. शिवाय सोसायटीत कुजबुज सुरू झालीय. तुम्ही एवढंच सांगा की मुलगी गोंधळली. वर्गातल्या मैत्रिणीचं आडनाव बोलून गेली. आम्हीही तसंच सांगू."

"आई परवा जाणारच आहेत," काकू म्हणाल्या. "मग पोरं पहिल्यासारखी येऊ देत गं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. मला कळलं, त्याला हो म्हणायचंय. मलाही म्हणायचं होतं. धाकटा मांडीवर तापानं फणफणलेला. सकाळी पुन्हा शाळा. एक खोटं दोन वर्षं चाललं, अजून एकानं काय होणार होतं?

तेवढ्यात काकूंनी मुलीला जवळ ओढलं. मायेनंच. "तू चुकलीस ना बाळा? चल, आजींना सांगू, माझं चुकलं म्हणून."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिचं तोंड उघडलं होतं. मी मान हलवली असती तर ती गेली असती. माझं चुकलं म्हणून आली असती. स्वतःच्या बापाच्या नावाबद्दल.

मी उठले.

"ती चुकली नाही, काकू. मी खोटं बोलले. दोन वर्षं. आमचं आडनाव बिऱ्हाडे. तिनं तेवढं एक खरं सांगितलं."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी—" साहेब.

"तुम्ही जातपात मानत नाही ना? मग आईंना तसं तुम्ही सांगा. माझी पोरगी येणार नाही."

काकू रडल्या. मी रडले नाही. दार मीच उघडलं.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "पोरं कोठे ठेवशी आते?" पण सकाळी त्यानंच स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटील काढला. खडूनं बिऱ्हाडे लिहिलं. दुपारी कुणीतरी पुसलं. त्यानं पुन्हा लिहिलं. पाचव्या दिवशी दलालाचा फोन. मालकाला फ्लॅट विकायचाय म्हणे.

आता आम्ही शहराच्या टोकाला, पर्वत पाटियाच्या पुढे राहतो. दोन खोल्या, लिफ्ट नाही. दारातच आधी आडनाव सांगितलं. सहा दारं बंद झाली, सातवं उघडलं. नवऱ्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. दिवसा तो पोरांजवळ अर्धवट झोपतो. आमची गाठ दारात पडते, मी निघताना.

मुलगी बरी नाही. कोणी नाव विचारलं की आधी माझ्याकडे बघते. सांगू का, असं. शाळेतसुद्धा. तिच्या बाई म्हणाल्या, हजेरीला आवाज येत नाही तिचा. काकूंनी परात घासली, ते ती विसरेलही. मी मारलं ते विसरणार नाही. तिच्या डोळ्यांतली ती भीती सासूबाईंनी घातलेली नाही. मी घातलीय, दोन वर्षं रोज थोडी थोडी.

ती मीच काढणार. मी तिची माफी मागितली. तिला ती पुरली नाही, पुरायला नकोच. आता कोणीही विचारलं, दुकानात, रिक्षात, दवाखान्यात, की मी तिच्याआधी बोलते. मोठ्यानं, आडनावासकट. घर जाईल, तर दुसरं बघेन. नोकरी जाईल, तर दुसरी बघेन. आपल्या माणसांतून उठेन, तर उठेन. पण माझी मुलं या शहरात कुणाच्या उधारीच्या नावाखाली झोपणार नाहीत.