दक्षिणेच्या खिडक्या

गोठलेल्या दवाला वास असतो, ओल्या लोखंडासारखा. टूवूंबाबाहेरच्या त्या उजाड माळावर सहा आठवडे तो माझ्या नाकात भरून राहिला होता. दीड शतकापूर्वी कुणा इंग्रज जमीनदाराने तिथे आपल्या गावाकडच्या मॅनरची, म्हणजे जमीनदारी वाड्याची, हुबेहूब प्रतिकृती उभारली. पुढे आगीत ती गेली. उरल्या त्या दक्षिणेच्या भिंतीतल्या तीन उंच खिडक्या, एक धुराडं आणि कुठेच न नेणाऱ्या पाच पायऱ्या. ते अवशेष वारसास्थळ म्हणून लोकांना खुले व्हायचे होते; दगड न् दगड टेपने मोजून मी त्यांचा आराखडा काढला, आणि माहितीपत्रकात त्याखाली नाव आलं रिचर्डचं. रिचर्ड माझा साहेब, दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेला. विचारलं, तर म्हणाला, "टीमवर्क आहे, मेट."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसांत आई साताऱ्याहून आली होती. पहाटे निघताना ऊन यावं म्हणून तिच्या खोलीचा पडदा बाजूला सारायचा आणि दिवसभर मनात सूड घोळवायचा, असा माझा नेम झाला होता. संधी रिचर्डनेच हातात दिली. तपासायला पाठवलेल्या उद्घाटनाच्या भाषणाच्या मजकुरात त्याने लिहिलं होतं की, या दक्षिणेच्या खिडक्यांतून हिवाळ्याचं कोवळं ऊन दिवाणखान्यात उतरे. इंग्लंडात उतरलं असतं. इथे, दक्षिण गोलार्धात, हिवाळ्याचा सूर्य उत्तरेकडून जातो. त्या खिडक्यांबाहेरचं दव दुपारपर्यंत विरघळत नाही, हे माझ्या बधिर बोटांना पुरतं ठाऊक होतं. जमीनदाराची चूक त्याने जशीच्या तशी उचलली होती. मी एक स्वल्पविराम सुधारला आणि मजकूर परत केला.

उद्घाटनाच्या सकाळी रिचर्डने गारठलेल्या पाहुण्यांना त्याच खिडक्यांच्या सावलीत उभं करून ते वाक्य वाचलं. एक म्हातारा शेतकरी मोठ्याने म्हणाला, "मेट, विंटरमध्ये इथे ऊन कधी आलंय?" हशा पिकला. रिचर्ड कानापर्यंत लाल झाला.

"तुला माहीत होतं?" त्याने मला हळूच विचारलं.

"नो वरीज, रिचर्ड. टीमवर्क."

इतकं जिवाला थंड मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्याच तोऱ्यात मी दुपारीच घरी आले. आईची खोली रिकामी होती. पडदा सारलेला, आणि आत त्या माळावरचाच गारठा. ही खिडकीही दक्षिणेची. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं म्हणून मीच निवडलेली. इथे तिच्यातून ऊन येतच नाही, हे अंधारात निघून अंधारात परतणाऱ्या मला कधी दिसलंच नव्हतं.

आई सापडली मागच्या लाँड्रीत, वॉशिंग मशीनशेजारी, पालथ्या बादलीवर, उन्हाच्या चतकोर तुकड्यात शाल पांघरून बसलेली. मला पाहताच दचकून उठली.

"कपडे वाळले का बघत होते गं. माझ्या खोलीत छान ऊन येतं."

दोन महिने तिलाही ठाऊक होतं, आणि तीही गप्प होती.

मी तिच्या पायांशी फरशीवर बसले. रिचर्डचा पडलेला चेहरा अजूनही गोड वाटत होता, खोटं कशाला बोलू. पण आईला परत उन्हात बसवून तिची गार पावलं मी माझ्या मांडीवर घेतली.