चालवणाऱ्यावर असतं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. ज्या दोस्तांबरोबर रोज सकाळी चहा पितो, त्यांनाही नाही. एकदा सांगायची वेळ आपल्या पायानं चालून आली होती, समोरच्या माणसानं सरळ विचारलंही होतं — तरी मी ती गिळली. ते पुढं येईलच. आज सांगतोय ते मोकळं वाटावं म्हणून नाही. मोकळं वाटून घ्यायचा मला काय हक्क?

मी परभणीत एका मोटारींच्या शोरूममध्ये सेल्समन होतो. सात वर्षं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात गाडीचं चकचकीत पुस्तक. त्या काळात ज्याला त्याला डिझेल गाडी पाहिजे होती. गिऱ्हाईक काचेच्या दारातून आत आलं की रंग बघायच्या आधी विचारायचं, "देती किती?" आणि मी पुस्तक उघडून बोट ठेवायचो — चोवीस. लिटरला चोवीस. आकडा केवढा छापलेला! लांबून चष्म्याशिवाय दिसावा एवढा. त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी, आणि पानाच्या तळाला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात तिचा अर्थ — प्रमाणित चाचणीनुसार.

ही प्रमाणित चाचणी काय असते, माहीत आहे तुम्हाला? मला माहीत होतं. आम्हाला ट्रेनिंगला नेलं होतं, तिथं सांगितलं होतं. बंद खोलीत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद. वारा नाही, खड्डा नाही, गतिरोधक नाही, मागं तीन माणसं नाहीत, डिक्कीत खताची पोती नाहीत. आमच्यातल्या एकानं विचारलं, "सर, मग रस्त्यावर किती देते?" ट्रेनिंगवाला हसला आणि म्हणाला, "ते चालवणाऱ्यावर असतं." आम्हीही हसलो. आणि ते वाक्य पाठ करून परत आलो.

मला अजून चीड येते ती याची, की तो आकडा खोटा नव्हता. खोटा असता तर कुणीतरी कधीतरी पकडला असता. तो खरा होता — त्या खोलीपुरता! आता मला सांगा, आमच्या जिल्ह्यात कोण माणूस खोलीत गाडी चालवतो? एप्रिल-मेच्या उन्हात एसी बंद ठेवून गंगाखेड रोडनं कोण जातं? ज्यांनी तो आकडा छापला त्यांना हे कळत नव्हतं का? आणि मला — याच मातीत जन्मलेल्या माणसाला — कळत नव्हतं का?

कळत होतं. म्हणूनच तर हे सांगावं लागतंय.

दिगंबरराव नावाचे एक गिऱ्हाईक होते. परभणीत खत-बियाण्यांचं मोठं दुकान, पोखर्णीच्या शिवारात बागायती जमीन, बोलणं करारी. पांढरी डिझेल गाडी त्यांना मीच विकली. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. गाडी न्यायला त्यांच्यासोबत त्यांचा ड्रायव्हर आला होता, उत्तम. झरीचा. बौद्ध घरातला, चाळिशीचा, सडपातळ माणूस. आधी पंधरा वर्षं जीप चालवलेली. चावी हातात घेण्याआधी त्यानं हात रुमालाला पुसले, ते मला आठवतं. गाडी बाहेर काढताना गतिरोधकाच्या कितीतरी आधीच त्यानं पाय उचलला. गाडीला कळूसुद्धा दिलं नाही.

चार महिन्यांनी दिगंबरराव तणतणत शोरूमला आले. उत्तम दाराशी उभा. "पुस्तकात चोवीस, माझ्या हातात सोळा," ते म्हणाले. "मग मधलं जायलंय कुठं?"

त्यांना वाटत होतं ते त्यांनी अजून उघड बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांची नजर दाराकडं गेली होती. उत्तमलाही ते कळलं. तोच पुढं आला. "मालक, गाडी तपासून घ्या," म्हणाला. "ह्या साहेबांना संगं बसवा. टाकी भरा, फिरवा, परत भरा. दूध का दूध हून जाईल."

किती भरवसा होता त्याला! गाडीवर, मोजमापावर. आणि माझ्यावर.

मॅनेजरनं मलाच पाठवलं. दोन दिवस आम्ही दोघं फिरलो. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, ठरलेला रस्ता करायचा, त्याच पंपावर त्याच नळीनं परत काठोकाठ भरायची. पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर उत्तम. परभणीहून गंगाखेड, येताना पोखर्णीत मालकाच्या शेताकडं आत वळून परत. दिगंबररावांना लागतो तसा एसी चालू. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, स्टिअरिंगवर मी.

उत्तमच्या हातानं गाडीनं साडेसोळा दिलं. माझ्या हातानं पंधराच्या जरा वर.

समजलं ना तुम्हाला? तो माझ्यापेक्षा चांगला चालवत होता. गाडीतून जेवढं निघणं शक्य होतं, तेवढं तो काढत होता. डिझेल कुठंच जात नव्हतं. गाडीच तेवढी पीत होती — तशी प्रत्येकच पीत होती, आमची टेस्ट ड्राइव्हची गाडीसुद्धा. पंपावर तो आकडा बघून उत्तमचा चेहरा असा उजळला! परतताना त्यानं रस्त्यात गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला. "आता तुमीच सांगा मालकाला, साहेब," म्हणाला. "माझं आईकत न्हाईत ते. तुमचं आईकतेल."

मी हो म्हणालो.

शोरूमला आलो आणि आकडे मॅनेजरपुढं ठेवले. त्यानं कागद बघितला आणि उलटा करून ठेवला. "वेडा झालास का? हे एकाला सांगितलं की उद्या शंभर जण दारात येतील. सांग, गाडी ओके आहे." मी काय म्हणालो असेन? वाद घातला असेन? एक शब्द तरी? काही नाही. त्या महिन्यात माझं प्रमोशन ठरत होतं. ते नसतं तरी मी बोललो असतो का, कुणास ठाऊक. बहुतेक नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. मॅनेजर, दिगंबरराव, मी. उत्तम उभा — तिथं चौथी खुर्ची होती, पण त्याला कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

"काय निघालं?" दिगंबररावांनी मला विचारलं.

उत्तम माझ्याकडं बघत होता. निवांत. निकाल माहीत असलेल्या माणसासारखा.

मी म्हणालो, "गाडी ओके आहे, साहेब. कंपनीच्या हिशोबात बरोबर आहे. बाकी ॲव्हरेज — ते चालवणाऱ्यावर असतं."

एवढंच. मी त्याला चोर म्हटलं नाही. शब्द मोजूनमापून वापरले, अगदी त्या पुस्तकासारखे — कुणी पकडू नये असे. किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी त्याचं नाव घेतलं नव्हतं! पण त्या खोलीत चालवणारा दुसरा होता कोण?

"साहेब?" उत्तम म्हणाला. मग आवाज चढला त्याचा. "साहेब, साडेसोळा निघालं व्हतं ना? तुमी संगं बसला व्हता, तुमच्याच म्होरं निघालं व्हतं. सांगा की!"

मी मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजर मोबाइलकडं.

"मी न्हाई काढलं, मालक," उत्तम म्हणाला. "थेंबभर न्हाई."

"मग काय कंपनीचा कागद खोटं बोलतो का?" दिगंबरराव उठले. "मला लोक सांगत होते. म्हणत होते, ह्या लोकांच्या हातात गाडी द्यायची म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजच नव्हती. त्या केबिनमध्ये ज्यानं त्यानं ते मनात पुरं केलं. रविवारी हीच गाडी त्यांचा पुतण्या चालवायचा, तेव्हाही ती सोळाच द्यायची. पण पुतण्याकडं कुणी बोट दाखवलं का? त्याच्या हाताला डिझेलचा वास येतो का, बघितलं का कुणी? कागद खरा, मालक खरा, पुतण्या खरा, मी खरा — खोटा ठरायला एक उत्तमच उरला होता. आणि तो किती सोयीचा होता आम्हा सगळ्यांना!

उत्तमनं चावी टेबलावर ठेवली. फेकली नाही, ठेवली. आणि गेला. शोरूमबाहेर पडताना त्यानं मागं वळून बघितलं का, मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होतो.

परभणी काय मुंबई आहे? आठवड्याभरात ड्रायव्हर लोकांच्या अड्ड्यावर झालं — झरीचा उत्तम डिझेल काढतो. त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. काही दिवस पाण्याच्या टँकरवर होता, तिथंही कुणीतरी मालकाच्या कानाला लागलं. मग तो पुण्याकडं गेल्याचं कळलं. मला प्रमोशन मिळालं. पेढे वाटले मी.

आणि पुढचं ऐका. दिगंबररावांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला, त्याच्या हातातही सोळाच. त्याला काढला. तिसरा ठेवला, तरी तेच. तीन माणसं चोर ठरली, पण गाडीवर शक घ्यावा असं त्या शहाण्या माणसाच्या मनात आलं नाही! आलं ते चौथ्या वर्षी. नवी गाडी घ्यायला आले, जुनी बदल्यात देताना हसत हसत म्हणाले, "खादाड गाडी व्हती बघा ही. पहिल्यापासनंच पीत व्हती." मॅनेजर हसला. मीसुद्धा हसलो. उत्तमचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. मी काढू शकलो असतो. त्याहून सोपी वेळ कुठली होती? समोरचा माणूस स्वतःच कबूल करत होता. मी त्यांना नव्या गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं. मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं.

आता मी शोरूममध्ये नाही. गाड्यांच्या विम्याची कामं करतो. गेल्या हिवाळ्यात एका ट्रॅक्टरच्या कागदपत्रांसाठी झरीला गेलो होतो. काम झाल्यावर उत्तमचं घर विचारत गेलो. ठरवून गेलो. सांगायचंच असं ठरवून.

उत्तम नव्हता. त्याची बायको होती, सुमनताई. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मी शोरूमचा म्हणून ओळख दिली तशी ती उठली, खुर्ची दिली, चहा ठेवला. उत्तम चाकणकडं एका गोदामात माल चढवायला आहे म्हणाली. "गाडीला हात लावत न्हाईत आता," म्हणाली. "भावाच्या पोराची वरात व्हती, लोकं म्हनले चालवा, तर उठून गेले."

मी चहा प्यायलो. जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. तेवढ्यात तिनंच विचारलं.

"भाऊ, एक इचारू का? गाडी तुमीच तपासली व्हती म्हनं. खरं सांगा, ह्यांनी काढलं व्हतं का डिझेल? माझा जीव म्हनतो न्हाई. पण लोकं लय बोलले, इतकी वर्सं बोलले... एकदा भांडनात मी बी बोलून गेले त्यांना. तवापासनं फोनवर लय बोलत न्हाईत. मला नुसतं खरं कळू द्या."

अशी सरळ ती माझ्याकडं बघत होती. एक शब्द लागत होता. नाही. नाही काढलं. दोन अक्षरांचा शब्द!

मी म्हणालो, "लय दिवस झाले, ताई. मला नीट आठवत नाही."

या वेळी मॅनेजर नव्हता. प्रमोशन नव्हतं, नोकरीसुद्धा नव्हती. माझं काहीही जाणार नव्हतं — गेलं असतं ते फक्त तिच्या नजरेतलं माझं चांगलेपण, आणि तेही तिनं मला अर्ध्या तासापूर्वीच दिलेलं. तेवढ्यासाठी मी तिला तिच्या शंकेत तसंच सोडलं. केबिनमध्ये मी त्याची नोकरी घालवली. झरीत त्याचं घर.

"बरं," ती म्हणाली. कप उचलला आणि आत गेली.

उत्तमनं डिझेल काढलं नव्हतं. मला त्या दिवशीही माहीत होतं, आणि तिच्या अंगणातही.