विहिरीकडची पट्टी

बेळगावच्या एका कॉलेजात मी मुलांना जी गणितं शिकवते, ती संगणकालाही धड सुटत नाहीत. कमीजास्त वजनाच्या वस्तू आहेत, त्या तिघांत सारख्या वाटा. चार-पाच वस्तू असतील तर सोपं. वस्तू वाढल्या की वाटण्याच्या तऱ्हा इतक्या वाढतात की सगळ्या तपासायला जन्म पुरत नाही. मग अगदी बरोबर उत्तराचा नाद सोडायचा आणि जवळपासच्यावर भागवायचं. वर्गात हे सांगताना मला गंमत वाटायची. आता वाटत नाही.

वडील गेल्यावर उचगावच्या शेताची वाटणी अडली. जमीन थोडी आणि तुकडे भरमसाट, कुठं भाताचा, कुठं रताळ्याचा, कुठं नुसता माळ. चिठ्ठ्या टाकून माझे तिघे भाऊ दोनदा भांडले. शेवटी थोरला, आमचा अण्णा, रताळ्यांची पिशवी घेऊन माझ्या घरी आला. म्हणाला, "तुज्या मशीनवर वाटून दे गं. मशीनला भाऊ न्हाय, भैन न्हाय." मला बरं वाटलं. माझं शिक्षण माहेरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होतं.

प्रत्येकानं प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज म्हणजे तुकड्याचं वजन, असं मी ठरवलं. तिघेही बेरकी. ज्याला जो तुकडा हवा, त्याला त्यानं मुद्दाम कमी गुण दिले, म्हणजे तो स्वस्तात पदरात पडेल. विहिरीकडची पट्टी तर तिघांनाही हवी होती. बारमाही पाण्याची ती काळीभोर जमीन गुणांत माळाच्याही खाली गेली. मला हसू आलं.

मग उचगावच्या घरी सोप्यात बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, मशीन काय करतंय ते मी मोठ्यानं सांगत गेले. उरलेल्यातला सगळ्यात भारी तुकडा उचलायचा आणि ज्याच्याकडं सगळ्यात कमी असेल त्याला द्यायचा, एवढाच नियम. तो त्यांना इतका पटला की मधला आप्पा माझ्याआधीच नाव सांगू लागला. यापेक्षा न्याय दुसरा काय असणार, असं धाकटा म्हणाला. एकेक करत सगळे तुकडे गेले आणि विहिरीकडची पट्टी शेवटी उरली.

"आता सगळ्यात कमी कुणाकडं हाय?" मी विचारलं.

तिघांनी बेरजा पाहिल्या. धाकट्याचं नाव निघालं.

"माज्याकडं तर कायच न्हाय," मी म्हणाले.

चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थांबली. अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाला, "तू मोजणारी गं. मोजणारीला कोन मोजतंय?"

हे मला लागेल असं त्याच्या मनातही आलं नाही, याचाच मला जास्त संताप आला. कायद्यानं आम्ही चौघं वारस. पण मी हक्क सोडल्याची सही करणार हे धरून वहिनीनं साडीसुद्धा आणून ठेवली होती.

सही मी केली नाही. चौथा हिस्साही मागितला नाही, ती पट्टी तेवढी मागितली. तेव्हापासून रताळी बंद, गणपतीचं बोलावणं बंद. आक्काला लोभ सुटला, असं गावभर झालंय. अण्णा अधूनमधून फोन करतो, सहीचं काय म्हणून विचारतो. मी त्याला विचारते, सगळ्यात कमी कुणाकडं आहे? तो फोन ठेवतो. उत्तर त्याला येतं.