दिवा विझला म्हणजे 'पाहिलं'

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी आलो तो हसायला, हे आधीच कबूल करतो. कुणाच्या अंगणात पांढरी बाई, कुणाच्या गाडीला हात दाखवणारा म्हातारा... वाचायचं, बायकोला फॉरवर्ड करायचं आणि झोपायचं. माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं. मशीन बिघडलं तर कारण असतंच, आणि सापडत नसेल तर शोधणारा आळशी आहे – हे मी ऑफिसात इतक्यांदा ऐकवलंय की पोरं माझ्या पाठीमागे नक्कल करतात. आज माझ्याकडे कारण नाही. आणि मी आळशीही नाही... सात महिने शोधतोय.

जागा वर्धा. स्टेशनपासून ऑटोने दहा मिनिटांवर एक खाजगी दवाखाना, नाव सांगणार नाही. तळघरात त्यांची सर्व्हर रूम. एकच दार, खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. मी नागपूरहून ते सर्व्हर सांभाळतो आणि तिथे प्रत्यक्ष हात लावायला होते मनोहरभाऊ. दवाखान्याचे जुने इलेक्ट्रिशियन, मूळ हिंगणीचे, रिटायरमेंटला वर्षभर उरलेलं.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, पुढचं सगळं यावरच आहे. मोठ्या सर्व्हरच्या आत एक छोटा, वेगळा प्रोसेसर बसवलेला असतो. मुख्य मशीन बंद केलं तरी वायरीत वीज आहे तोवर तो जागा. त्याची नेटवर्कची वायर वेगळी, घड्याळ वेगळं, नोंदी वेगळ्या. मशीन चालू असलं की या दोघांचं आतल्या आत बोलणं चालतं – किती तापलास, पंखे फिरतायत का, जिवंत आहेस का? ठरलेल्या वेळात मशीनने 'आहे' म्हटलं नाही, तर हा छोटा त्याला रीस्टार्ट करतो आणि मला कळवतो.

हे समजावलं तेव्हा मनोहरभाऊ म्हणाले, "म्हंजे जागल्याच झाला न हा! आमच्या इकडं रानडुकराईसाठी वावरात बसते तसा. मालक झोपला तरी हा जागाच."

तेव्हापासून आम्ही त्याला जागल्याच म्हणायचो.

या जागल्याकडे एक निळा दिवा असतो. एकासारख्या एक मशीनांतलं नेमकं कोणतं, ते ओळखण्यासाठी. समोरचं बटण दाबून तो लावता येतो, आणि मला इथून स्क्रीनवरून लावता-विझवता येतो. खाली रेंज नाही म्हणून आम्ही दिव्याचीच भाषा केली होती. भाऊ पोचले की बटण दाबायचे. मला मोबाईलवर दिवा लागलेला दिसायचा, मी तो इथून विझवायचो. विझला म्हणजे 'पाहिलं'. कंटाळा आला की उगाच दोन-तीनदा दाबायचे, आणि मग वर येऊन फोन – "काऊन भाऊ, तरास झाला का?" आणि खो-खो हसणं.

त्या रविवारी बॅटऱ्या तपासायच्या होत्या, म्हणून मुख्य मशीन मी सकाळीच बंद केलं. मी नागपुरात मेव्हणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. खाली जाण्याआधी भाऊंचा फोन आला.

"साळीचं साक्षगंध आहे न आज? माह्या वाटची बुंदी खाऊन घेजा. मी जातो खाली, पोचलो का दिवा लावतो."

दहा वाजून वीस मिनिटांनी दिवा लागला. मी विझवला. नेहमीसारखं.

अकरा दहाला पुन्हा लागला. मी फोटोसाठी उभा होतो. हसलो आणि विझवला. अकरा चौदाला पुन्हा. विझवला. अकरा एकवीसला पुन्हा... तेव्हा ताट हातात होतं, सासरे बोलत होते, आणि मी चिडलो. वेळकाळ कळत नाही या माणसाला, असं मनात म्हटलं. दिवा विझवला आणि मोबाईलवरचं ते पानच बंद करून टाकलं.

दीड वाजता दवाखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. डबा खायला वर आले नाहीत म्हणून गार्ड खाली गेला, तर भाऊ दाराजवळ पालथे पडलेले. हार्ट अटॅक. रविवार, ओपीडी बंद, तळघरात फिरकणार कोण.

मी गाडी काढली, साडेतीनला पोचलो. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्याच गेले असावेत, साधारण साडेदहाला. मी मान हलवली. आणि मग दिव्याच्या वेळा आठवल्या. साडेदहा? मग अकरा दहाला कोण?

मॅनेजरशेजारी बाकावर बसून मी ते पान उघडलं. भाऊंना वर आणल्यापासून खोलीला कुलूप होतं, किल्ली मॅनेजरच्या हातात.

दिवा लागलेला होता.

नोंद तीन बावन्नची. कुठून लावला – समोरचं बटण. मी मॅनेजरला जवळजवळ ओढतच खाली नेलं. कुलूप काढलं. आत कोणी नाही. पार टोकाच्या कोपऱ्यात मशीन, आणि त्यावर निळा दिवा लुकलुकतोय. भाऊ सापडले ते दार तिथून बारा पावलं. मी मोजली.

मी वर आलो आणि मोबाईलवरून दिवा विझवला. "पाह्यलं भाऊ," असं मोठ्यानेच म्हणालो. त्यानंतर तो दिवा आपणहून कधी लागला नाही.

घड्याळ चुकीचं असेल? तपासलं. मिनिटाचाही फरक नाही. बटण खराब असेल? कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो 'हो' म्हणावा म्हणून मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो. "एकदम ओके आहे सर, पन्नासदा दाबून पाह्यलं," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तेरवीला हिंगणीला गेलो. वहिनींनी बाजूला बोलावलं.

"भाऊ, एक विचारू? त्याइनं कोनाले आवाज देल्ला असन का हो?"

"नाही वहिनी. वेळच मिळाला नाही. डॉक्टर म्हणाले तसं."

"बरं झालं मंग," त्या म्हणाल्या. "आवाज देल्ला अन् कोनीच आलं नाई, असं असतं त मले सहन नसतं झालं."

मला जेवण गेलं नाही. तिथे वाढलेली बुंदी तशीच पानात राहिली.

आता माझा हिशोब ऐका. कुलूपबंद खोलीतला तो शेवटचा दिवा जर जिवंत माणसाने लावला नसेल, तर आधीचे तीनही तसेच लागले असतील. म्हणजे भाऊ साडेदहालाच गेले, पडल्या पडल्या, कुणालाही हाक न मारता. आणि तसं नसेल... तर ते त्या कोपऱ्यात छाती धरून बटण दाबत होते. आणि दर वेळी दिवा विझताना बघत होते. विझला म्हणजे पाहिलं. पाहिलं म्हणजे आता मी कोणालातरी पाठवतोच. तीनदा मी त्यांना तेच सांगितलं. मग वाट बघून बघून ते स्वतःच दाराकडे निघाले असतील.

तर मंडळी, यापुढे मी इथे कुणावर हसणार नाही. मला ते भूतच असायला हवंय. कुणाकडे याचं साधं, सरळ स्पष्टीकरण असेल, तर हात जोडतो... मला सांगू नका.