सांगली उशिरा लागते

जर्मनीला जाताना मी घरातला एकुलता एक रेडिओ बॅगेत घालून नेला. तिथं आकाशवाणीचं सांगली केंद्र लागेल असं मला वाटलं होतं. मी इंजिनिअर आहे, आणि तोही इलेक्ट्रॉनिक्सचा.

फलटणच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. मी, आई आणि वडील, म्हणजे आबा. फौजेतून सुटून आल्यावर आबांनी पुढची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गेटवर काढली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते दोनच शब्द म्हणायचे, "डबा उघड." जेवणाच्या डब्यातनं साखर जाते, असा त्यांचा सिद्धान्त होता. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी एकदा डबा उघडायला लावला. आत काहीच नव्हतं, हे मामा अजून सांगतात आणि आबा अजून मानत नाहीत. म्हणजे संशय हा आमच्या घरातला पगारी धंदा. मला तो वारशानं मिळाला, पगार तेवढा राहिला.

तर स्टँडवर, चारचौघांत, आई पाण्याची बाटली भरायला गेली तेवढ्यात त्यांनी मला बॅग उघडायला लावली. चटणीचा डबा हलवून बघितला. स्वेटर उचलला. खाली रेडिओ. बॅटरीचं झाकण निसटू नये म्हणून आईनं त्याला कधीकाळी परकराची जुनी नाडी बांधलेली. आबांनी रेडिओकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, स्वेटर परत वर टाकला आणि बॅगेची चेन ओढली. उभ्या आयुष्यात त्यांनी गेटमधून जाऊ दिलेला तेवढा एकच माल. आईला घरी गेल्यावर फळी रिकामी दिसली तेव्हा म्हणाले म्हणे, "जाऊ दे. तिकडं त्याच्यासंगं बोलायला कोण हाय?"

तिकडं तोही बोलला नाही. मीडियम वेव्हच्या लहरी कुठवर जातात हे मी परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते, पण परीक्षेतलं कुणी घरच्या रेडिओला लावतं का? मी त्या लहानशा गावातल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एरियल ताणून उभा राहायचो. नुसती खरखर. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई एकदा वर आल्या आणि त्यांनी फार अदबीनं विचारलं, आपण कुणाशी संपर्क साधताय? माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं. मी म्हणालो, "आईशी." त्यानंतर जिन्यात मी दिसलो की त्या पर्स छातीशी धरायच्या.

बरीच वर्षं अशी गेली, आणि मग मी वायफाय रेडिओ घेतला. आपल्यातली बाहेर असलेली माणसं मला हल्ली विचारतात, घ्यावा का, फायदा काय, तोटा काय. फायदा सांगतो. डबा उघडला, भिंतीला प्लग लावला, 'सांगली' असं टाइप केलं, आणि स्वयंपाकघरात सांगली बोलायला लागली. तोटा असा, की ती फारच स्वच्छ बोलत होती. आमच्याकडं सांगली अशी कधी लागतच नव्हती. आईनं मिक्सर लावला की ती जायची. आबांनी एरियल धरलं की यायची, त्यांनी जांभई दिली की पुन्हा जायची. ही सांगली घासून पुसून मांडून ठेवल्यासारखी. मला पहिला संशय तिथंच आला, ही आपली नव्हेच.

शिवाय हा रेडिओ प्रश्न फार विचारतो. भाषा कोणती, देश कोणता, राउटरचं नाव काय, पासवर्ड काय. मग लांबलचक अटी, आणि खाली 'मान्य' एवढंच बटण. अमान्यची सोयच नाही. अधूनमधून म्हणतो, मला अपडेट व्हायचंय, आणि ऐन बातम्यांच्या वेळी डोळे मिटून बसतो. राउटर बंद पडला तर त्याच्यापेक्षा पोळपाट बरा, त्याच्यावर निदान भाकरी थापता येते. हे सगळं मी आबांना फोनवर कौतुकानं सांगितलं. त्यांनी मला गेटवर घेतलं.

"एरियल?"

नाही म्हटलं.

"सेल?"

नाही.

"मग त्येचा आवाज येतो कुठनं?"

इंटरनेटवरनं, आबा.

"बरं. अन् तुझा आवाज जातो कुठं?"

मी रेडिओ उचलून मागनं-पुढनं बघितला. आबांनी निकाल दिला. जे नुसतं बोलतं आणि कान दाखवत नाही, त्याच्यापुढं घरातलं काही बोलायचं नाही. आणि आपल्या घरात ते हयात असेपर्यंत वायफाय येणार नाही. मी हसलो. पण तेव्हापासून घरच्या कुठल्या विषयावर फोन आला की मी त्या रेडिओवर टॉवेल टाकतो. नंतर काढून ठेवतो, त्याला वाईट वाटायला नको.

एक तोटा मात्र मला फार उशिरा कळला, आणि तो उशिराचाच होता. रविवारी मी घरी फोन करायचो तेव्हा सांगलीवर फर्माईशीची गाणी चालू असायची. माझ्याकडं वायफायवर, आईकडं आबांनी नंतर आणलेल्या साध्या रेडिओवर. फोनमधून मागं त्यांचं गाणं ऐकू यायचं. आईकडं कडवं संपायचं तेव्हा माझ्याकडं ते सुरू व्हायचं. आधी वाटलं फोनची गडबड आहे. मग उमगलं, इंटरनेटवरनं येणारी सांगली वळसा घालून येते, थोडी मागनं पोचते. मी जे ऐकतोय ते घरी होऊन गेलेलं असतं.

आईला याची मोठी गंमत. ती मला पुढचं सांगायची. "आता जाहिरात हाय बघ खताची." थोड्या वेळानं माझ्याकडं खताची जाहिरात. आबा मागनं म्हणायचे, "त्येला शिळंच मिळायचं." आणि बोलणं संपवताना आई दर वेळी विचारायची, यंदा जत्रेला येतोयस का? मी म्हणायचो, "बघतो." परदेशात गेलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको, आणि मागं राहिलेल्यालाही नको. एका वर्षी प्रोजेक्ट होतं, एका वर्षी रजा नव्हती, एका वर्षी काहीच नव्हतं तरी मी बघतच होतो.

मग तो रविवार आला. फोन आबांनी उचलला. ऊस गेला का, पाणी कधी येतं, असं चाललं होतं, आणि मी कान टवकारले. फोनमधलं गाणं आणि माझ्या ओट्यावरचं गाणं बरोबर चाललं होतं. एखाद्या शब्दाचा फरक, बस्स. घरची सांगली उशिरा यायला लागली होती.

मी तिथंच खुर्ची ओढून बसलो आणि तपास सुरू केला. गाणं माझ्याबरोबर वाजतंय, म्हणजे ते इंटरनेटवरनं येतंय. आमच्या घरात वायफाय नाही, आबा असेपर्यंत येणारही नाही; आबांच्या मोबाइलवर नेट आहे, पण तो तर त्यांच्या कानाला. म्हणजे ही दोघं घरात नाहीत. मग कुठं? वायफाय असलेलं घरचं माणूस एकच, माझी थोरली बहीण अक्का, सांगलीला. आणि आमच्याकडली म्हातारी माणसं ऊस तुटायच्या दिवसांत शेत सोडून सांगलीला कशाला जातात? एक तर बारशाला, नाहीतर मोठ्या डॉक्टरकडं. अक्काची मुलं कॉलेजात आहेत. बारसं नाही.

"आबा, तुम्ही कुठं आहात?"

"घरीच हाय की."

"आईला द्या."

"ती मागल्या दारी हाय."

व्हिडिओ लावतो म्हटलं. आबा म्हणाले, लावू नगंस, आणि फोन ठेवला. जो माणूस स्वतः व्हिडिओ लावून मला टोमॅटोवरची कीड दाखवायचा, तो आता तोंड दाखवत नव्हता. अक्काला फोन केला, तर ती माझ्याशी गोड बोलली. अक्का माझ्याशी जन्मात गोड बोललेली नाही. माझी खात्रीच पटली. आईला काहीतरी झालंय आणि हे तिघं ते माझ्यापासून लपवतायत. रात्रंदिवस डोक्यात तेच. साहेबाकडं गेलो, घरी अडचण आहे म्हटलं. जी रजा इतकी वर्षं नव्हती ती त्याच दुपारी निघाली. निघताना नाडी बांधलेला जुना रेडिओ बॅगेत घातला. दवाखान्यात पडून राहणाऱ्या माणसाला करमणूक लागते, एवढाच विचार.

पुण्याहून गाडी धरली. साताऱ्याला थांबली तेव्हा सरळ उतरून फलटणकडं जाता आलं असतं. नाही उतरलो. घरी कुणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. कराड मागं टाकून सांगली गाठली आणि अक्काच्या दारात उभा राहिलो. दाजींचा हळदीचा व्यापार, सगळ्या घराला हळदीचा वास. अक्का पिठाचे हात घेऊन दार उघडायला आली. मी तिला बाजूला सारून आत गेलो, आतली खोली बघितली, मागची बघितली, न्हाणीघराचं दार ढकललं. आत दाजी होते. ते हळद धुवायला गेले होते, आणखी काही सांगत नाही.

"आई कुठाय?"

"घरी हाय."

"खरं सांग, काय झालंय तिला?"

अक्कानं माझ्याकडं नीट बघितलं. कशावरनं काय झालंय म्हणतोस, तिनं विचारलं. मी गाण्याचा सगळा हिशेब मांडला. ऐकता ऐकता ती आधी भिंतीला टेकली, मग पिठाचे हात पदरात दडवून खालीच बसली आणि डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. सांगितलं मात्र काही नाही. भडंगाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "जा, आपल्या डोळ्यांनी बघ जा." मला त्यातही संशय आला.

गावात पोचलो तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. धडधाकट. माझ्यापेक्षा तिचा रंग बरा होता. मला बघून तिच्या हातातलं सूप कलंडलं. मी तिला धरून विचारतोय, दुखतंय काय, डॉक्टर काय म्हणाला, आणि ती विचारतेय, अरं पण तू जेवलास का? एवढ्यात आतनं सांगली ऐकू आली. घासून पुसून मांडलेली. मी आत गेलो. जिथून मी रेडिओ उचलला होता त्याच फळीवर माझ्या वायफाय रेडिओचा जुळा भाऊ बसला होता, आणि भिंतीवर राउटर लुकलुकत होता. राउटरला लिंबू-मिरची बांधलेली होती. ते आबांचं काम.

मग आईनं सांगितलं. अक्काकडनं गुपचूप मागवला होता. आबांनी महिनाभर नको म्हटलं आणि एक दिवस स्वतःच तार ओढायला माणूस बोलावला. पण पोराला कळता कामा नये, ही अट घातली. एवढ्या वर्षांचा शब्द मोडला होता, पोरगा हसला असता. म्हणून व्हिडिओ नाही, म्हणून अक्का गोड.

"पण कशाला, आई? तुमचा चांगला आधी वाजत होता."

"म्हणूनच की," आई म्हणाली. "दर रविवारी आमचं गाणं सरायचं अन् तुझं लागायचं. आमी ऐकून मोकळं, अन् तू एकलाच मागं ऐकत बसलेला. म्हटलं, आपुण बी मागं ऱ्हाऊ. बरुबर तरी ऐकू."

शेजारच्या घरात साधा रेडिओ चालू होता. तिथं गाणं संपलं, आणि मग आमच्या फळीवर त्याच गाण्याचं शेवटचं कडवं लागलं. अख्ख्या आळीत आता आमचंच घर मागं होतं.

आबा शेतातनं आले. चपला काढल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बॅग उघड." मी उघडली. त्यांनी स्वेटर उचलला, नाडी बांधलेला रेडिओ बाहेर काढला, उलटा-सुलटा केला, फळीवर नव्याच्या शेजारी ठेवला. मग घरात कुणी नसल्यासारखे चूळ भरायला गेले.

संध्याकाळी बातम्या लागल्या. शेजारी आधी, आमच्याकडं मागनं. मला राहवलं नाही. मी आबांना समजावून सांगायला लागलो, की हा या मशीनचा दोषच आहे, हे मशीन वेळेवर कधी यायचंच नाही, इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला कारण असं की…

आबा माझ्याकडं बघतही नव्हते. ते आईला म्हणाले, "त्या रेडिवला बोल लावू नगं म्हणावं. त्यो मागनं का हुईना, बोलिवल्यावर येतो तरी. ह्यो गडी संशय आल्याबिगर येत न्हाई."