उंबऱ्याच्या वरचं पाणी

संतरामराव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौतीस वर्षं पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. कोणाच्या शेताला किती तास पाणी, हे त्याच्या हातात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, पार्वतीबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. रोजच्या व्यायामाला दवाखाना जवळ हवा म्हणून दोघं हिंगोलीत माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आली. पार्वतीबाईंचा उजवा हात अजून उचलत नाही. जीभ मात्र शाबूत आहे. "जन्मभर लोकाईच्या शेताला पाणी देलं," त्या नवऱ्याविषयी सांगतात, "घरचा रांजण मीच भरला."

मागच्या दिवाळीनंतर पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त मंडळींनी फोनवर पोकरची स्पर्धा ठरवली. पैशाचा संबंध नाही, सगळ्यांना सारख्याच खोट्या चिप्स. बक्षीस एकच: जो जिंकेल त्याच्या गावी यंदाचा स्नेहमेळावा. हा मेळावा दर वर्षी पुणे, नाशिक असा लांब होई आणि बायकोला एकटं सोडता येत नसल्यानं संतरामराव सहा वर्षांत एकदाही गेले नव्हते. धरणावरच्या वसाहतीत ज्यांना पार्वतीबाईंनी वर्षानुवर्षं मासळीचं कालवण आणि भाकरी वाढली, त्यांच्यापैकी कोणी त्यांना भेटलं नव्हतं. "मला माणसं पाह्यचीत," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी संतरामरावांनी स्पर्धेत नाव घातलं.

पत्ते त्यांना तीन पत्तीपुरते ठाऊक होते, आणि पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. म्हणून मी. मी शिकले त्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शनिवारी ब्रिज खेळत आणि गुण मांडायचं काम माझ्याकडे असे. पत्त्यांचा माझा अनुभव तेवढाच, पण मांडून ठेवायची सवय पुढे आयुष्यभर टिकली.

खेळ समजायला अवघड नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, त्यांतून ज्याची जोडणी मोठी तो जिंकतो. पत्ते हलके असले तरी मोठी पैज लावून समोरच्याला पळवून लावता येतं. मेख एकच आहे. एक पैज सक्तीची असते, ती पाळीपाळीनं प्रत्येकाला भरावीच लागते आणि दर बारा मिनिटांनी ती वाढते. चिप्स संपल्या की माणूस बाहेर.

रोज दुपारी चारला आम्ही ओसरीवर फोनवरच्या अनोळखी लोकांशी सरावाला बसत होतो. संतरामराव फार जपून खेळत. चांगले पत्ते आले तरच हात घालत, नाहीतर पानं टाकून देत. मी शेजारी बसून डायरीत त्यांच्या चिप्सचा आकडा लिहून ठेवी, दर वेळी सक्तीची पैज वाढली की एकदा. चौदा सराव झाले. चौदाही वेळा ते मधेच कुठेतरी, विसावे-पंचविसावे असताना बाद झाले.

"बाई, मी चुकलो तर कुठंच न्हाई," चौदाव्या दिवशी ते म्हणाले. खरंच होतं ते. मोठा डाव ते क्वचितच हरले होते. मी डायरी उघडली आणि त्यांना आकडे वाचून दाखवले. पाच हजार, चार हजार आठशे, चार हजार तीनशे, साडेतीन हजार, दोन हजार एकशे. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग तिसऱ्यांदा.

"हे पत्त्याचे आकडे न्हाईत," ते म्हणाले. "हे उन्हाळ्यातल्या तळ्याचे हायेत."

आणि त्यांनी एका वर्षाची गोष्ट सांगितली. त्या साली धरण अर्धंच भरलं होतं. वरून हुकूम आला की कालव्याला पाणी सोडायची शेवटची पाळी वैशाखापर्यंत राखून ठेवा, उन्हाळी भुईमुगाला होईल. त्यांनी राखली. रोज ऊन थोडं थोडं पाणी पीत गेलं. वैशाखात दार उघडलं तेव्हा पाणी कालव्याच्या तोंडाच्या उंबऱ्याखाली गेलं होतं. धरणात पाणी दिसत होतं, पण कालव्यात चढेना. भुईमूग वाळला. चोरी कोणी केली नव्हती, चूकही कोणाची सापडली नाही.

"उंबऱ्याखालचं पाणी असून नसल्यासारखं," ते म्हणाले. "त्याला जोर न्हाई. माझ्या चिप्सला कोणी भेत न्हाई ते ह्याच्यामुळंच. काहून भ्यावं? पाळी उंबऱ्याच्या वर असतानाच सोडावी लागते."

उंबरा कुठला, हे आम्ही डायरीवरून काढलं. सक्तीच्या पैजेच्या दहापटीहून चिप्स कमी झाल्यावर त्यांच्या पैजेला एकदाही कोणी पळालं नव्हतं. मी तांबड्या शाईनं तिथे रेघ ओढली.

स्पर्धा अठरा जानेवारीला, रविवारी सकाळी दहाला सुरू झाली. शहाण्णव खेळाडू. पार्वतीबाईंची खुर्ची ओसरीवर आणून ठेवली. पहिला तासभर संतरामरावांनी जवळजवळ काहीच केलं नाही. एकदा फक्त हात घातला, दोन राजांवर, आणि चिप्स दुपटीहून थोड्या अधिक झाल्या. खेळताना एकमेकांना लिहून बोलता येतं. पुण्याहून खेळणारे बंडोपंत साहेब, जे एकेकाळी धरणावर त्यांचे वरिष्ठ होते, त्यांनी लिहिलं, "संतराम, दार अजून बंदच का?" विश्रामगृहाच्या व्हरांड्यात साहेबांचा पत्त्यांचा डाव बसे तेव्हा संतरामराव चहा नेऊन देत. पत्ते त्यांना कोणी वाटले नव्हते.

साडेअकराला सक्तीची पैज पाचशेवर गेली. चिप्स होत्या नऊ हजार. रेघेपासून फार लांब नव्हतो. संतरामरावांनी चष्मा पुसला आणि दार उघडलं. हातात साधे पत्ते असताना पहिली मोठी पैज लावली. दीड तास गप्प बसलेला माणूस बोलला म्हणजे दोन एक्के असणार, असं समजून सगळ्यांनी पानं टाकली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. राखून खेळल्याचा हा उपयोग मला तेव्हा कळला: त्यांचा शब्द खरा मानला जात होता.

बारा जण उरले तेव्हा खेळ अचानक मंदावला. शेवटच्या नऊ जणांची नावं मेळाव्याच्या स्मरणिकेत छापली जाणार होती आणि दहावं कोणालाच व्हायचं नव्हतं. जो तो पाणी अडवून बसला. संतरामरावांनी नेमकं त्याच वेळी दार पूर्ण उघडलं. मी घाबरून म्हटलं, नऊत तर येऊ द्या. पार्वतीबाईंनीच मला गप्प केलं. "बाई, मला नाव न्हाई छापायचं," त्या म्हणाल्या. "मला पंगत पाह्यची."

पाऊण तासात त्यांच्या चिप्स तिपटीवर गेल्या.

दुपारी अडीचला दोघंच उरले. समोर बंडोपंत साहेब. साहेबांकडे तीन लाख, आमच्याकडे एक लाख ऐंशी हजार. साहेब अजून त्या जपून खेळणाऱ्या संतरामशीच खेळत होते. मोठी पैज आली की पळत होते. तीनदा पळाले आणि आम्ही पुढे गेलो. तिसऱ्यांदा संतरामरावांनी काय करावं? जिंकलेल्याला पत्ते दाखवायची सक्ती नसते. त्यांनी मुद्दाम दाखवले. दुर्री आणि सत्ती, अगदीच हलके पत्ते. मला राग आला. इतक्या कष्टानं कमावलेला विश्वास त्यांनी उघडा करून टाकला होता.

"आता पुन्हा बंद," ते एवढंच म्हणाले, आणि सात-आठ हात नुसती पानं टाकत राहिले.

मग दोन नव्व्या आल्या. मध्ये पत्ते उघडले: राजा, नव्वी, चौकी. तीन नव्व्या झाल्या होत्या. संतरामरावांचा चेहरा हलला नाही. त्यांनी मघासारखीच, तेवढ्याच वेगानं, सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

पडद्यावर साहेबांची अक्षरं आली, "संतराम, थापा मारतोयस."

"लिहा बाई," ते म्हणाले. "व्हय साहेब."

मी लिहिलं. साहेबांनीही सगळ्या चिप्स लावून बरोबरी केली. त्यांच्याकडे राजाची जोडी होती. उरलेले दोन पत्ते उघडले, ते कोणाच्याच कामाचे नव्हते. दोन वाजून सत्तावन्न मिनिटं. डायरीत वेळ लिहिताना माझं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं आहे.

संतरामराव उठले नाहीत. पार्वतीबाईंनी डाव्या हातानं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मासे किती आणावे लागतील, याचा हिशेब सुरू केला.

बावीस फेब्रुवारीला संतरामरावांच्या गावी, सिद्धेश्वरला, एकशे चाळीस माणसं आली. पार्वतीबाई चुलीजवळ खुर्चीत बसून कालवणात तिखट किती, मीठ किती, ते हुकूम सोडत होत्या, आणि जो येई तो आधी त्यांच्यासमोर उभा राहून नाव सांगे. बऱ्याच जणांना त्यांनी नाव सांगायच्या आत ओळखलं. पंगतीत बंडोपंत साहेब संतरामरावांच्या शेजारी बसले. जेवता जेवता त्यांनी तक्रार केली, "पार्वतीबाई, तुमचा नवरा खोटं बोलायला कधी शिकला?"

"नवीन काय हाये त्यात साहेब," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं तुमाला व्हय साहेब म्हणले, आन भुईमूग वाळला तवापासून दार पाणी पाहूनच उघडलं."

साहेबांना हसताना ठसका लागला. संतरामरावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.