मले नाही, मला

मामा गेल्याची बातमी वसंतानं आणली. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, मी वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकखोलीतून निघत होते आणि हा दारात उभा, स्कूटरची किल्ली हातात तशीच. "ताई, बाबा गेले वं," एवढंच म्हणाला. वसंता माझा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मामांच्या घरात असं 'वं' लावून गावाकडचं बोलणं आम्हा मुलांत फक्त त्यालाच माफ होतं. मामांना जाऊन आता सहा आठवडे झाले, तेव्हा कुठे लिहायला बसले आहे.

मी नागपूरजवळच्या कुही गावची. साठच्या दशकात वडिलांनी मला पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला, नंदनवन भागात राहणाऱ्या मामांकडे आणून सोडलं. मी जाणार त्याच शाळेत मामा मराठी शिकवत. पहिल्याच दिवशी जेवताना मी म्हणाले, "मामा, मले भात नको." मामांनी मान वर न करता सांगितलं, "मले नाही, मला." शेजारी वसंता "आई, मले तूप वाढ ना वं" म्हणून ओरडत होता आणि त्याच्या पानात तूप पडलंसुद्धा. मी चिडले. "त्याले काहून नाही बोलत?" मामा शांतपणे म्हणाले, "त्याले नाही, त्याला. काहून नाही, का." माझा प्रश्न शुद्ध झाला, उत्तर मात्र मिळालं नाही.

बरं, त्यांना आपल्या बोलीची लाज होती म्हणावं, तर तेही नाही. मामाही मूळ कुहीचेच; तिथे एसटीतून उतरून घरी पोचले की आजीला हाक मारत, "माय, मले चहा दे वं लवकर," आणि पारावरच्या माणसांशी अशा गप्पा मारत की हे मास्तर आहेत यावर कुणाचा विश्वास बसला नसता. एकदा शाळेत आलेले तपासनीस म्हणाले, तुमच्याकडच्या मुलांचं मराठी फार अशुद्ध. मामा ताडकन उठले. "अशुद्ध नाही साहेब, आमचं आहे." आम्हा मुलांची छाती फुगली. पुढच्याच तासाला त्यांनी 'मले' म्हणणाऱ्या दोघांना बाकावर उभं केलं... आणि त्यात मी होते.

दहावीत वक्तृत्व स्पर्धेसाठी शाळेनं मला निवडलं. सरावाच्या दिवशी, सगळ्या शाळेसमोर, बोलण्याच्या भरात मी "मी तुम्हाला सांगून राहिले" म्हणून गेले. मामांनी माझं नाव वगळलं आणि जो पोरगा पाठांतर दोनदा विसरला त्याला पाठवलं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एकेक शब्द जुळवून विचारलं, "मामा, वसंताला एक नियम आणि मला दुसरा, असं का?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वाक्य अगदी बरोबर आहे," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

कारण कळलं ते फार उशिरा, मामीकडून. तरुणपणी मामा पुण्याला नोकरीसाठी मुलाखतीला गेले होते. तिथे तोंडून 'मले' निघालं आणि समोरचे सगळे हसले. नोकरी गेलीच, पण ते हसणं त्यांच्या कानातून गेलं नाही. "मग वसंताला का नाही शिकवलं?" मी विचारलं. मामी म्हणाली, "वसंताले कोणी हसलं त तो दोन शिव्या हासडून येईन. तू कोपऱ्यात बसून रडशीन." मी मामांना इतकी वर्षं ढोंगी समजत होते. बोलीवरचं प्रेम खरं होतं आणि तिच्यापायी मला कुणी हसेल ही धास्तीही खरीच होती. दोन्हींचा मेळ घालत बसायला त्यांना सवड झाली नसावी.

माझ्या मुलाखतीत कुणी हसलं नाही. मीही मराठीच शिकवते. आमच्या वर्गात रामटेककडच्या, कुहीकडच्या मुली येतात, खुशाल मले-तुले करतात, मी कुणाला अडवत नाही. मुलांची बोली मारू नये असं मी शिक्षकांच्या सभेत हिरिरीनं मांडलंही आहे. मामांसारखं वागायचं नाही, हे मी पक्कं ठरवलेलं होतं.

मामा जायच्या चार दिवस आधी, दुपारी, मी त्यांच्याजवळ बसले होते. आजारात त्यांची पुस्तकी भाषा गळून गेली होती, कुहीचीच उरली होती. डोळे न उघडता ते म्हणाले, "पोरी, मले पाणी दे वं."

"मला," मी म्हणाले.

मी ठरवून नाही म्हटलं... तोंडातून निघून गेलं. मामांनी डोळे उघडले. ओठांवरून जीभ फिरवली. "मला," ते सावकाश म्हणाले, "मला पाणी दे." मग मी पाणी दिलं. माझ्याशी ते त्यानंतर काही बोलले नाहीत.

तेरवीच्या दिवशी हे मी वसंताला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ज्या माणसानं माझं हसं होऊ नये म्हणून जन्मभर राखलं, त्याला मी तहानेल्या तोंडी थांबवलं होतं. वसंतानं एवढंच विचारलं,

"पाणी त देलं ना बाबाले?"

"देलं," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते माझ्या तोंडून तसं निघालं, आणि मग मला रडू आवरेना.